चहाच्या वेळी हात वर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कूलरच्या टाकीत गाळ साचतो तसे ते साचतात, आणि उन्हाळा संपल्यावर टाकी उपसायला घेतली की कळतं, बाप्पा, एवढं सगळं कधी जमा झालं! आमच्या शेडमध्ये दर शनिवारी कोणी ना कोणी एखादा किस्सा काढायचं आणि बाकीचे कपातला चहा सांडेस्तोवर हसायचे. आता तेवढं हसणं राहिलं नाही. किस्से मात्र जागच्या जागी आहेत. सांगताना मला कुठे जड झालं तर सांभाळून घ्या, आणि तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा. आम्हीही तेव्हा हसलोच होतो.

मेहकरकडून हिवरा आश्रमकडे जाताना एका कॉलेजच्या मागे, सोयाबीनच्या वावराला लागून आमची शेड आहे. बाहेरून बघाल तर खताचं गोडाऊन वाटेल. आत हवा काढून टाकलेली एक टाकी आहे आणि टाकीत काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेला एक आरसा. त्या आरशाला आम्ही उजेडाने ढकलतो. हो, उजेडाने! लेसरच्या उजेडाचाही धक्का बसतो, फक्त तो इतका हलका की आरसा हलला हे डोळ्यांना जन्मात दिसायचं नाही.

हे उद्योग कशासाठी? तर दूर कुठेतरी दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, त्याची लाट इथवर येते आणि मोठाल्या डिटेक्टरांचे आरसे कणभर हलवून जाते. आरसा किती हलला यावरून तारे किती दूर होते ते कळतं, आणि अशी पुष्कळ अंतरं जमली की विश्व किती वेगाने पसरतंय तेही कळतं. पण आरशाचं मापच खोटं असेल, तर दुकानदाराने काटा मारल्यासारखं सगळंच खोटं. म्हणून आधी ओळखीचा धक्का द्यायचा, काय उत्तर येतं ते बघायचं आणि त्यावरून माप दुरुस्त करायचं. आमचा धंदा एवढाच.

माणसं चार. इंगळे सर प्रमुख. लेसर तायडेकडे, गणित गवई मॅडमकडे, आणि आलेल्या आकड्यांची झाडझूड माझ्याकडे.

*

तायडेचं लग्न जुळत नव्हतं. संग्रामपूरला मुलगी बघायला गेला तेव्हा सोबत मला नेलं. पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय काम करता?"

तायडे खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "आरशाले उजेडानं ढकलतो."

"मंग? हालते का तो?"

"हालते ना! दिसत नाई फक्त."

"दिसत नाई तं हालला हे कसं समजते?"

"तेच तं मोजतो, काका."

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख बघितली. मग माझ्याकडे वळले. "आन् तुम्ही?"

मी म्हणालो, "हे जे मोजतात त्यात चूक किती आहे, ते मी मोजतो."

काकांनी आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि हाळी दिली, "अवं, चहा ठेवू नको! पाहुणे निघून राह्यले!"

परतीच्या बसमध्ये तायडे जळगाव जामोदच्या फाट्यापर्यंत तिकिटाच्या घड्या घालत बसला. मग म्हणाला, "चूक मोजतो, असं काऊन सांगितलं बे तू?" अजून लग्न झालेलं नाही त्याचं. डबा आईच्याच हातचा आणतो.

*

इंगळे सरांच्या घरी गेलं की काकू दारातच विचारायच्या, "आज किती चुकलं?" तब्येत विचारावी तसं.

एकदा सर आम्हाला घरी बसून समजावत होते, की मापात शंभरात दोनाची चूक असली तर विश्वाच्या वयाचा हिशोब कसा डगमगतो, आणि ती अर्ध्यावर आणायला आपलं आयुष्य जाणार आहे. सर ऐन रंगात आले होते. काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अहो, तुम्ही घरी सातले येतो म्हणता आन् येता नऊले. ते शंभरात किती झालं?"

गवई मॅडमनी बसल्या जागी हिशोब करून सांगितला. सर म्हणाले, "मॅडम, तुम्हाले कोणं विचारलं?"

काकूंना दुसऱ्या दिवशीही सरांची वाट बघावी लागलीच. हसणं वेगळं आणि वेळेवर येणं वेगळं.

*

आता आमच्या शेडचा रिवाज सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमच्यापैकी एकाने बाकीच्यांना न सांगता आरशाला खोटी लाट द्यायची. म्हणजे लेसरने असा धक्का द्यायचा की खरेच तारे आदळल्यासारखं वाटावं. बाकीच्यांनी तो शोधायचा, त्याचं अंतर काढायचं. उत्तर जुळलं तर माप बरोबर. कोणी टाकलं हे मधे विचारायचं नाही. चहाच्या वेळी ज्याने टाकलं त्याने आपण होऊन हात वर करायचा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे रागवायचं नाही! हे सगळं सरांनीच ठरवलेलं.

सरांची स्वतःची आणखी एक खोड होती. आरशाचं हलणं आम्ही स्पीकरवर लावायचो तेव्हा ते डोळे मिटून ऐकायचे. म्हणायचे, "डोळे उघडे असले की माणूस त्याले पाहिजे तेच पाहते."

एका दुपारी असेच डोळे मिटून बसले असताना ओरडले, "आला!" आणि थोड्या वेळाने पुन्हा, "आणखीन एक आला!" आम्ही कामाला लागलो. दोन्हींची अंतरं काढली. चहा आला. गवई मॅडमनी हात वर केला.

तायडे म्हणाला, "झकास! दोन्ही सापडले तुमचे."

मॅडमचा हात तसाच वर. "दोन्ही कुठले? मी एकच टाकला."

आमच्या एवढ्याशा आरशाला खरी लाट कळणं शक्य नाही, हे चौघांनाही पक्कं माहीत होतं. तरी चौघांनीही वळून टाकीकडे बघितलं. सरांचा कप तर ओठाशीच राहिला.

मग शोध सुरू झाला आणि संध्याकाळी चोर सापडला. गेलेली लाइन परत आली की शेजारच्या विहिरीवरची मोटर ऑटोवर आपोआप सुरू होते. तिची घरघर खालून वर चढत जाते, थेट ताऱ्यांच्या लाटेसारखी! तायडेने त्या मोटरचं अंतर कोट्यवधी प्रकाशवर्षं काढून ठेवलं होतं, आणि ती निघाली धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, पलीकडे.

आम्ही लोळून लोळून हसलो. सर नुसते बसून होते. मी म्हटलं, "सर, हसा ना."

म्हणाले, "हसतो रे. पण मले एक मिनिट खरंच वाटलं होतं."

*

लेसरचा उजेड किती, हे मोजायला एक पोकळ गोळा लागतो. आतून पांढराशुभ्र, नारळापेक्षा थोडा मोठा. हा गोळा बाहेरगावच्या प्रयोगशाळेत नेऊन तिथल्या गोळ्याशी ताडून आणावा लागतो. आत धूळ गेली की माप गेलं. म्हणून काकूंनी जुन्या सुती लुगड्यांची एक जाड गोधडी शिवून दिली, त्यात तो गुंडाळायला. हिरवी गोधडी, लाल दोऱ्याचे टाके.

सर एसटीने निघाले. गोळा मांडीवर, गोधडीत. शेजारच्या सीटवरच्या आजीबाईंनी विचारलं, "झोपलं का?"

सर नको तिथे खरं बोलत नाहीत. म्हणाले, "हाव."

"लय शांत हाय बाई! कितवा महिना?"

"नुकतंच आणलं."

"माय कुठी हाय याची?"

सर म्हणाले, "घरी." आजीबाईंनी पर्समधून खडीसाखर काढून गोधडीवर ठेवली आणि उतरताना सरांना बजावून गेल्या, "लेकराले एवढं गुंडाळत नसतात, श्वास कोंडते!"

गोळा परत आला तेव्हा माप थोडं चुकत होतं. आम्ही लेसर उघडला, वायरी बदलल्या, एकमेकांवर चिडलो. शेवटी मॅडमनी गोळ्याच्या तोंडातून टॉर्च मारला तर आत एक लाल दोरा! काकूंच्या टाक्यांतला.

सर घरी गेले आणि काकूंना हे सगळं रागारागात सांगितलं. काकू म्हणाल्या, "एवढ्याशा दोऱ्यानं तुमचं विश्व हाललं? मंग ते आधीच ढिलं असन!"

गोधडी घरी परत गेली. दोरा मॅडमनी आमच्या बोर्डावर टाचणीने लावून ठेवला, आणि अजूनही तो तिथेच आहे.

*

हा किस्सा आम्ही कोणी चहाच्या वेळी सांगत नाही. पण गाळ उपसायचा तर पूर्ण उपसावा लागतो.

आरशाजवळ मोबाइल चालत नाही. दाराबाहेर एका स्टुलावर स्टीलचा डबा ठेवलेला असायचा, येताना सगळ्यांनी फोन व्हायब्रेटवर करून त्यात टाकायचे. डबा काकूंनीच दिला होता. त्यात कधीकाळी लाडू आले होते.

त्या दिवशी स्पीकरवर आरशाचा एक नवीनच आवाज यायला लागला. घर्र, घर्र, मग थोडं थांबून परत घर्र. बारीक, पण अगदी एका मापाचा. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि चेहरा खुलला. "पद्धतशीर आहे! कोणंतरी नवीन काहीतरी टाकलं. शाबास! चला, मोजा."

आम्ही मोजलं. इतकं स्वच्छ मोजलं की सांगता सोय नाही. किती वेळ चालतो, किती वेळ थांबतो, किती जोराचा आहे. मधेच तो बंद झाला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद. सर म्हणाले, "टाकणाऱ्याची कमाल आहे!"

चहा आला. सर म्हणाले, "हं, हात वर."

कोणीच केला नाही. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "मी नाही, सर." तायडेने मान हलवली. सरांना वाटलं आम्ही मजा करतोय.

तेवढ्यात तायडे आपला फोन घ्यायला बाहेर गेला. डबा उघडला. आणि घर्र, घर्र करणारा सरांचा फोन दोन्ही हातात धरून आत आला. शेजाऱ्यांचे कॉल होते, एकामागून एक. काकू स्वयंपाकघरात पडल्या होत्या. शेजाऱ्यांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं होतं, तिथून मोठ्या दवाखान्यात. मेंदूत गाठ झाली होती रक्ताची.

सरांनी फोन घेतला, चप्पल घातली. दारात थांबून आमच्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे खराच होता."

*

मोठ्या दवाखान्यात काकू बरेच दिवस होत्या. डोळे उघडायच्या, पण ओळख नव्हती. बोलणं नव्हतं. तरुण डॉक्टर राऊंडला यायचे, काकूंचा हात दाबून मोठ्याने म्हणायचे, "आजी, हात दाबा!" आणि पुढच्या खाटेकडे जायचे.

एके दिवशी सरांनी त्यांना अडवलं. "डॉक्टरसाहेब, काल तुम्ही जोरात दाबला, आज हळू. रोज वेगळा धक्का दिला तं तिचं उत्तर तुम्हाले कळन कसं?"

डॉक्टर थकलेले होते. तरी खुर्ची ओढून बसले. "सर, मी रोज शंभर हात दाबतो," ते म्हणाले. "तुमच्याकडे एकच आहे. तुम्ही दाबत जा."

घरी सोडताना त्यांनीच नीट सांगितलं. नुसतं बोट हललं तर त्याला अर्थ नाही. पण 'दाब' म्हटल्यावर हात दाबला, तर लगेच घेऊन या, मग पुढचे उपचार करता येतील. मात्र खात्री नसताना आणू नका. एवढा प्रवास त्यांना सोसेलच असं नाही.

तेव्हापासून सरांचं रोजचं तेच. सकाळी काकूंच्या हाताखाली ती हिरवी गोधडी घडी करून ठेवायची. आपला तळवा त्यांच्या तळव्याला लावायचा. रोज तेवढ्याच जोराने दाबायचं आणि म्हणायचं, "शोभा, दाब." मग डोळे मिटून थांबायचं. लेक पल्लवी जळगाव जामोदला दिलेली, ती जमेल तशी येऊन जायची. ती नसली की घरात सर आणि काकू, दोघंच.

सर शेडमध्येही येत होते. काम करत होते. पण स्पीकर लावला की उठून बाहेर जायचे.

एकदा मी न राहवून विचारलं, "सर, काही फरक?"

"नाई," ते म्हणाले. "पण माप बरोबर आहे. उत्तर आलं तं मले कळन." मला रडू आलं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी उगीच टाकीमागची वायर तपासायला गेलो.

*

गेल्या शनिवारी सरांनी आम्हा तिघांना घरी चहाला बोलावलं. काकू खाटेवर, उशीला टेकवलेल्या, हात गोधडीवर. पल्लवी त्याच दिवशी पुन्हा आली होती. तिने चहा केला.

सरांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. म्हणाले, "ऐका. शोभानं हात दाबला. सोमवारी एकदा आन् बुधवारी एकदा. 'दाब' म्हटल्यावर दाबला."

मॅडमच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. तायडे उभाच राहिला.

"बसा," सर म्हणाले. "उद्या सकाळी तिले घेऊन जातो. ऑक्सिजनवाली गाडी सांगितली. तिले सोसन की नाई, हे मले माहीत नाई. म्हणून आधी आपला रिवाज." त्यांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. "मी तं डोळे मिटून होतो. या घरात तुमचं सगळ्यांचं येणं-जाणं आहे. मले बरं वाटावं म्हणून कोणं टाकलं असन तं हात वर करा. राग नाई."

आम्ही तिघं कपात बघत बसलो. मला माझ्याच हाताची भीती वाटायला लागली, चुकून वर जाईल म्हणून.

पल्लवीने ट्रे खाली ठेवला. ती या किस्स्यांवरच वाढलेली पोरगी, तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. तिने हात वर केला.

"सोमवारी मी इथंच बसली होती, बाबा. तुम्ही डोळे मिटले, तवा मी आईची बोटं धरून दाबली." तिने आईकडे बघितलं. "किती दिवसाचे हसलेच नव्हते तुम्ही."

सरांनी शर्टाची बाही सरळ केली. मग म्हणाले, "बरं. रागवायचं नसते." आणि तायडेकडे वळले, "गाडीवाल्याले फोन लाव. उद्या नको म्हणा."

तायडेने फोन लावला. रिंग जाताना आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती.

पल्लवीचा हात अजून वरच होता. "पण बाबा," ती म्हणाली, "मी एकच टाकला. बुधवारी मी तं जळगावले होती."

सरांनी कप खाली ठेवला. खाटेच्या कडेला बसले, गोधडी सारखी केली, काकूंच्या तळव्याला तळवा लावला आणि डोळे मिटले. तिकडे गाडीवाला "हॅलो, हॅलो" करत होता, आणि तायडे फोन तसाच धरून उभा होता.